दोन ओहमचा हिशोब

गाडीतल्या बहुतेक वस्तू चालवून तपासता येतात. ब्रेक दाबून बघता येतो, हेडलाइट लावून बघता येतो, वायपर पुसतोय की नुसताच फिरतोय हे काच ओली केली की कळतं. एअरबॅगला ही सोय नाही. ती एकदाच उघडते, आणि उघडली की संपते. ज्या दिवशी तिची गरज पडेल त्या दिवशी मात्र धडक ओळखण्यापासून पिशवी फुगण्यापर्यंतचं सगळं काम सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत उरकायला हवं. मग जी वस्तू चालवून बघता येत नाही ती चालेल याची खात्री रोज कशी करायची?

त्याचं उत्तर डॅशबोर्डवर असतं. चावी फिरवली की बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे गोल फुगा, असं चित्र असलेला दिवा पेटतो. बऱ्याच गाड्यांत तो सहाएक सेकंद राहतो आणि विझतो. तेवढ्या वेळात गाडीच्या मध्यभागी, बहुधा गिअर लिव्हरच्या पुढे कन्सोलखाली, बोल्टने पक्की बसवलेली एक डबी जागी होते. हे एअरबॅग मॉड्यूल. त्यात धक्का मोजणारी चिप असते, निर्णय घेणारा प्रोसेसर असतो आणि धडकेत बॅटरीच तुटली तरी पुरेल इतकी वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर असतात. जागी झाली की ही डबी प्रत्येक एअरबॅगची, सीट बेल्ट ताणून धरणाऱ्या प्रत्येक प्रिटेन्शनरची, पुढच्या आणि बाजूच्या प्रत्येक सेन्सरची चौकशी करते. सगळीकडून ठीक उत्तर आलं की दिवा विझतो. गाडी चालू असतानाही ही चौकशी थांबत नाही.

ही चौकशी नेमकी कशाची असते, हे एकदा समजलं की एअरबॅगचे विजेचे बिघाड शोधण्याचं निम्मं काम झालं.

एअरबॅगच्या पोटात गॅस तयार करणारं रसायन असतं आणि ते पेटवायला एक छोटीशी विजेची काडी, तिचं नाव स्क्विब. स्क्विबच्या आत केसासारखी बारीक तार किंवा पातळ पट्टी असते. तिचा रोध साधारण २ ओहम. तिच्यातून पुरेसा प्रवाह गेला की ती तापते, दारू पेटते, पिशवी फुगते. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या स्क्विबला सुमारे १.२ अँपिअर प्रवाह २ मिलिसेकंद मिळाला की ती पेटायलाच हवी, आणि ०.४ अँपिअर प्रवाह १० सेकंद गेला तरी ती पेटता कामा नये, असं तिचं माप ठरलेलं असतं. या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरावर सगळी सुरक्षितता उभी आहे. मॉड्यूल तपासणीसाठी जो प्रवाह सोडतं तो यापेक्षा फार कमी, मिलिअँपिअरमध्ये मोजण्याइतका. समजा ४० मिलिअँपिअर सोडले, तर २ ओहमवर व्होल्टेज पडतं ८० मिलिव्होल्ट. शाळेतला ओहमचा नियम, दुसरं काही नाही. हे व्होल्टेज वाढलं तर कुठेतरी जोड ढिला झालाय, प्रवाह गेलाच नाही तर तार तुटलीय, व्होल्टेज जवळपास शून्यावर आलं तर दोन तारा एकमेकींना चिकटल्यात. तारेतली वीज गाडीच्या बॉडीत झिरपतेय का, किंवा बॅटरीची वीज आत घुसतेय का, हेही मॉड्यूल वेगळं तपासतं.

इथे एक भीती दूर करायला हवी. उंदराने वायर कुरतडली की एअरबॅग तोंडावर फुटेल, असं पुष्कळांना वाटतं. स्क्विबच्या दोन्ही बाजूंना, एक वर आणि एक खाली, असे दोन वेगळे इलेक्ट्रॉनिक स्विच असतात आणि दोन्ही एकाच वेळी चालू झाल्याशिवाय पूर्ण प्रवाह जात नाही. त्याशिवाय धडक खरीच झाली आहे का, याची दुसरी स्वतंत्र खातरजमा होते. त्यामुळे एखादी तार कुठे टेकली म्हणून पिशवी सहसा फुटत नाही, दिवा लागतो. धोका वाढतो तो माणसाने मध्ये हात घातल्यावर. टेस्ट लॅम्प घेऊन थेट स्क्विबच्या तारेला लावला, तर मॉड्यूलचे दोन्ही स्विच वाटेतून बाजूला होतात. बल्बमधून जाणारा प्रवाह स्क्विबच्या सुरक्षित मर्यादेजवळ किंवा तिच्याही पलीकडे जाऊ शकतो. एअरबॅगच्या वायरिंगला टेस्ट लॅम्प लावायचा नाही आणि स्क्विबवर मल्टिमीटरने ओहम मोजायचे नाहीत, हा नियम याच हिशोबातून आला आहे. त्याला अपवाद करू नये.

एअरबॅगचे कपलर आणि वायरिंगवरचं आवरण पिवळं असतं ते ओळखू यावं म्हणून. पण त्या पिवळ्या कपलरच्या आतली रचना बाहेरून दिसत नाही, आणि बिघाडांचं मोठं माहेरघर तेच आहे. साधा कपलर काढला की दोन्ही पिना मोकळ्या पडतात. एअरबॅगचा कपलर काढला की आतली एक छोटी स्प्रिंगची पत्ती खाली येते आणि दोन्ही पिना एकमेकींना जोडून टाकते. हिवाळ्यात कपड्यांवर साठलेली स्थिर वीज किंवा दुसरी कुठली चुकार वीज आली तरी ती या पत्तीतून निघून जावी आणि स्क्विबपर्यंत पोहोचू नये, यासाठी. कपलर परत लावताना समोरच्या भागावरची प्लास्टिकची जीभ ती पत्ती उचलते आणि दोन्ही पिना पुन्हा वेगळ्या होतात. आता कपलर अर्धवटच बसला तर? पिना टेकतात, पण पत्ती पूर्ण उचलली जात नाही. मॉड्यूलला दिसतं की २ ओहमच्या जागी जवळपास शून्य आहे. स्कॅनरवर ‘रोध कमी’ असा कोड येतो आणि मेकॅनिक शॉर्ट झालेली वायर शोधत बसतो. खरं म्हणजे वायर कुठेच शॉर्ट नसते. कपलरचं दुसरं लॉक ‘टक्’ असा आवाज करून बसलेलं नसतं, एवढंच.

याच्या उलट तक्रार जास्त वेळा येते, रोध वाढल्याची. त्याचं कारण जरा खोलात आहे. हेडलाइटसारख्या जोडातून काही अँपिअर प्रवाह वाहतो, त्यामुळे पिनेवर ऑक्साइडचा पातळ थर बसला तरी तो प्रवाह त्यातून वाट काढतो. एअरबॅगच्या सर्किटमधून रोज जातो तो मिलिअँपिअरमधला प्रवाह, तोही काही मिलिव्होल्टच्या जोरावर. एवढी ताकद तो थर भेदू शकत नाही. म्हणूनच अनेक कंपन्या या पिनांना सोन्याचा मुलामा देतात. सोन्यावर ऑक्साइड चढत नाही. पण दुरुस्तीत कोणी सोन्याच्या पिनेसमोर कथिलाचा मुलामा असलेली साधी पिन बसवली, तर दोन धातूंच्या जोडात गाडीच्या कंपनांमुळे सूक्ष्म घासाघीस होत राहते. कथिल झिजतं, त्याची काळपट पूड पिनेवरच साचते आणि रोध चढत जातो. वायरमध्ये कुठे तुकडा जोडला असेल, वरून इन्सुलेशन टेप गुंडाळली असेल, तर तेच. २ ओहमच्या हिशोबात अर्धा-एक ओहमची भर म्हणजे मोठीच चूक. हेडलाइटला तेवढी भर पडली तर उजेड मंद झालेला डोळ्यांना दिसतो. इथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, फक्त दिवा लागतो.

सीटखालचा कपलर ही या सगळ्याची ठरलेली जागा. सीटच्या बाजूच्या एअरबॅगची वायर, बेल्टच्या बकलची वायर, पुढच्या सीटवर कोणी बसलंय का हे ओळखणाऱ्या सेन्सरची वायर, सगळ्या तिथून जातात. सीट पुढे-मागे सरकली की वायर ताणली जाते. पाण्याची बाटली खाली घरंगळते, व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड आत घुसतं, मागे बसलेल्याचा बूट लागतो. सीट कव्हर घालणारा माणूस सीट काढतो, चावी चालू ठेवूनच कपलर ओढतो आणि लगेच परत लावतो. पण तेवढ्यात मॉड्यूलने बिघाड नोंदवलेला असतो आणि पुष्कळ गाड्यांत कोड पुसल्याशिवाय दिवा जात नाही. बाजूची एअरबॅग असलेल्या सीटवर तिची जागा मोकळी न सोडता घट्ट शिवलेलं कव्हर घालणं ही आणखी वेगळी चूक. तिथे विजेत काहीच बिघडलेलं नसतं, म्हणून दिवाही लागत नाही. पिशवीला बाहेर यायला वाटच राहत नाही.

स्कॅनर लावला की बी अक्षराने सुरू होणारे कोड मिळतात. ते वाचताना पहिली गोष्ट बघायची ती बिघाड आत्ता चालू आहे की जुना नोंदलेला आहे. चालू असलेला कोड पुसला तरी क्षणात परत येतो. जुना कोड पुसल्यावर परत आला नाही तर तो कधी येतो, हे मालकाला विचारायचं: थंडीत की पावसात, वळणावर की खड्ड्यात, बॅटरी उतरलेली असताना की जंप स्टार्ट केल्यावर. बॅटरी कमजोर असेल तरी मॉड्यूल व्होल्टेज कमी असल्याची तक्रार नोंदवतं, आणि त्यासाठी अर्धी गाडी उघडायची गरज नसते. बॅटरीचं व्होल्टेज आणि अर्थिंगचा बोल्ट आधी बघावा.

आता एक तक्रार शेवटपर्यंत तपासू. सात-आठ वर्षं चाललेली हॅचबॅक. यू-टर्न घेताना एअरबॅगचा दिवा लागतो, सरळ रस्त्यावर नाही. हॉर्नही कधी वाजतो, कधी नाही. स्कॅनर सांगतो, ‘ड्रायव्हर एअरबॅग, रोध जास्त’. ऐकल्याबरोबर स्टिअरिंगची एअरबॅग बदलायचा विचार येतो, आणि ती महाग असते. पण हॉर्न आणि एअरबॅग, दोघांची वाट एकाच ठिकाणी एक होते, क्लॉक स्प्रिंगमध्ये. स्टिअरिंग फिरत राहतं आणि त्याच्या मागची वायर तर स्थिर असते. या दोहोंना जोडणारी चपटी पट्टी एका गोल डबीत गुंडाळलेली असते. स्टिअरिंग एका बाजूला फिरवलं की ती आवळते, दुसऱ्या बाजूला फिरवलं की सैल होते.

ज्या स्कॅनरमध्ये प्रत्यक्ष रोधाचा आकडा दिसतो, त्यात तो उघडून स्टिअरिंग सावकाश फिरवायचं. मध्यभागी २.३, डावीकडे पूर्ण वळवलं तरी २.३. उजवीकडे दीड फेरा झाला की आकडा ४ च्या पुढे उडी घेतो, आणि परत आणलं की खाली येतो. एवढ्यावर संशय पक्का होतो, पण निर्णय नाही. चावी बंद करायची, बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची आणि थांबायचं. किती थांबायचं ते कंपनी सांगते, कुठे एक मिनिट, कुठे दहा मिनिटं. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज पूर्ण उतरू द्यायची असते, आणि घाईत हीच पायरी सर्वात जास्त गाळली जाते. मग स्टिअरिंगच्या मागून क्लिपा सोडवून एअरबॅग काढायची आणि टेबलावर झाकणाची बाजू वर करून ठेवायची. चुकून उघडलीच तर तिला वर मोकळी जागा मिळाली पाहिजे. उलटी ठेवली तर ती स्वतःच फेकली जाते.

आता एअरबॅगच्या जागी २ ओहमचा तपासणी-रेझिस्टर असलेला कपलर लावायचा, बॅटरी जोडायची, पुन्हा आकडा बघायचा. उजवीकडे वळवल्यावर उडी अजून येतेय. म्हणजे एअरबॅग निर्दोष. परत बॅटरी काढायची, थांबायचं, क्लॉक स्प्रिंगची दोन्ही टोकं सोडवायची. आता ती एअरबॅगशीही जोडलेली नाही आणि मॉड्यूलशीही नाही, त्यामुळे मल्टिमीटर लावायला हरकत नाही. फक्त टोकांच्या कपलरमधली पत्ती पिना जोडून बसली आहे का, हे आधी बघायचं, नाहीतर मीटर भलतंच दाखवतो. मीटरवरही उजवीकडे फिरवताना तीच उडी दिसली की डबी बदलायची. बदललेली जुनी डबी उघडली तर कारण डोळ्यांपुढे येतं. प्लास्टिकच्या पारदर्शक फितीत तांब्याच्या पट्ट्या, आणि फीत जिथे वळून उलट दिशेला जाते त्या घडीवर एका पट्टीला आडवी चीर. सरळ असताना चिरेच्या दोन्ही कडा टेकतात, वळवलं की उघडतात.

चीर का पडली, हेही विचारायला हवं, नाहीतर नवी डबीही तशीच जाईल. बऱ्याचदा आधी स्टिअरिंग रॅकचं काम झालेलं असतं. कॉलम सोडवलेला असताना स्टिअरिंग मोकळं फिरलं की डबी मध्यापासून सरकते. मग एका बाजूला पूर्ण वळवताना फितीची लांबी अपुरी पडते आणि ती ताणली जाते. नवी बसवताना चाकं सरळ ठेवायची, डबी एका टोकापर्यंत हलक्या हाताने फिरवायची, तिच्यावर लिहिलेले फेरे मोजून मागे आणायची आणि बाण बाणासमोर आणायचा. हे काम पाच मिनिटांचं आहे, पण त्यावर नव्या डबीचं आयुष्य अवलंबून असतं.

आपल्याकडे या विषयाला आणखी एक बाजू आहे, पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. एअरबॅग मॉड्यूल गाडीच्या तळाशी असतं आणि सीटखालचे कपलर त्याच उंचीवर. पुराचं पाणी गढूळ आणि क्षारयुक्त असतं. त्यातून पिना आणि बॉडी यांच्यात वीज झिरपते आणि दिवा लागतो. गाडी उन्हात वाळवली की दिवा जातो आणि सगळं ठीक झाल्यासारखं वाटतं. मग काही महिन्यांनी पिनांवर हिरवट पूड दिसायला लागते. बुडालेलं मॉड्यूल आणि कपलर साफ करून परत वापरू नयेत, बदलावेत. अशी गाडी सेकंड हँड बाजारात आली तर सीट पूर्ण मागे सरकवून, टॉर्च लावून खालचे पिवळे कपलर बघावेत, हात न लावता. सीटच्या रुळांच्या खाचेत अडकलेला बारीक गाळ धुऊनही निघत नाही.

दिवा घालवण्याचे चुकीचे मार्गही बाजारात आहेत, आणि ते माणसाच्या जिवावर बेतणारे आहेत. फुटलेल्या एअरबॅगच्या जागी नुसता २ ओहमचा रेझिस्टर लावून वर स्टिअरिंगचं झाकण बसवतात. मॉड्यूल विचारतं, २ ओहम उत्तर मिळतं, दिवा विझतो. किंवा एअरबॅगच्या दिव्याची वायर इंजिन ऑइलच्या दिव्याला जोडून टाकतात. जुनी गाडी घेताना त्यासाठी एक सोपी तपासणी करता येते. इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवा आणि एअरबॅगचा दिवा बघा. तो पेटलाच नाही तर बल्ब काढलेला असू शकतो. पेटला, तर इंजिन सुरू न करताच आपल्या वेळेनुसार विझायला हवा. इंजिन सुरू केल्यावरच, ऑइलच्या दिव्याच्या बरोबरीने विझत असेल, तर डॅशबोर्ड उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या कारला चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. त्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जायला लागल्या आहेत, म्हणून ही तपासणी आता फार गरजेची आहे.

एवढं सगळं केल्यावरही एक मर्यादा राहते. मॉड्यूल तेवढेच प्रश्न विचारू शकतं जे त्याला शिकवले आहेत. टीआरडब्ल्यू या पुरवठादाराने बनवलेल्या काही मॉड्यूलमध्ये हे फार महागात पडलं. समोरून धडक बसताना पुढच्या सेन्सरच्या तारा चिरडल्या जात, त्यातून विजेचा झटका उलट मॉड्यूलकडे येई आणि आतली चिप पिशव्या उघडण्याआधीच निकामी होई. धडकेच्या क्षणापर्यंत प्रत्येक सर्किटचं उत्तर बरोबर होतं, दिवा विझलेला होता. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने २०१९ मध्ये या दोषाच्या तपासाची व्याप्ती वाढवली तेव्हा तो सहा कंपन्यांच्या सुमारे १ कोटी २३ लाख गाड्यांपर्यंत पोहोचला. जानेवारी २०२० मध्ये टोयोटाने जगभरातल्या सुमारे ३४ लाख गाड्या परत बोलावल्या. उपाय म्हणून, जिथे लागेल तिथे, मॉड्यूल आणि वायरिंगच्या मध्ये झटका अडवणारा फिल्टर बसवला.

जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कोबाल्ट आणि इतर छोट्या गाड्यांत तर एअरबॅगच्या सर्किटमध्ये दोषच नव्हता. इग्निशन स्विचची आतली खुंटी आखूड होती आणि तिच्यामागची स्प्रिंग कमजोर. खड्ड्याचा हिसका बसला, गुडघा लागला किंवा किल्ल्यांचा जड जुडगा हेलकावला की चावी ‘रन’वरून ‘ॲक्सेसरी’वर सरकत असे. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि त्याबरोबर एअरबॅगही बंद. अपघात होई, पिशव्या उघडत नसत, आणि तपासणारे एअरबॅगमध्येच दोष शोधत राहत. धागा मिळाला तो जॉर्जिया राज्यात २०१० साली झालेल्या एका जीवघेण्या अपघातातून. त्या कोबाल्टच्या मॉड्यूलमधल्या नोंदीत धडकेच्या वेळी चावी ‘ॲक्सेसरी’वर असल्याचं निघालं. मृत तरुणीच्या कुटुंबाच्या वकिलाने नेमलेल्या अभियंत्याने नवा सुटा स्विच विकत आणून जुन्याशी ताडून पाहिला, तेव्हा नव्यातली खुंटी लांब निघाली. दोन्हींचा पार्ट नंबर मात्र एकच होता. कंपनीच्या अभियंत्याने २००६ मध्ये रचना बदलायला मंजुरी दिली होती, नंबर बदलला नव्हता. त्यामुळे जुन्या-नव्या गाड्यांची तुलना करणाऱ्या कोणालाच फरक सापडत नव्हता. फेब्रुवारी २०१४ पासून सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यू या स्विचमुळे झाल्याचं मान्य केलं. नवा स्विच बसेपर्यंत मालकांना कंपनीची सूचना होती, की जुडग्यातून बाकी सगळ्या किल्ल्या काढा, किचेनही काढा, आणि स्विचमध्ये एकटी चावी ठेवून गाडी चालवा.